भूछत्राला वनस्पतींच्या धड्यातून सोडवा

काही मुलांना बुरशीबद्दल सांगत होतो. हातात एक कोवळे बटण मशरूम होते, टोपी अजून न उघडलेले. सुरीने ते वरपासून खालपर्यंत उभे चिरले आणि दोन्ही फाका मुलांसमोर ठेवल्या. आत सगळे तयार होते. मधोमध दांडा, त्यावर कडेने खाली वळलेली जाड टोपी, टोपीच्या आतल्या अंगाला दाटीवाटीने बसलेले फिकट गुलाबी पापुद्रे, आणि टोपीच्या कडेपासून दांड्यापर्यंत ताणलेला एक पातळ पडदा. सातवीतली एक मुलगी बराच वेळ फाक न्याहाळत होती. मग तिने विचारले, "याचं मूळ कापून टाकलंय का? आणि बी कुठंय?"

तिचे काही चुकले नव्हते. मी शाळेत असताना मलाही बुरशी वनस्पतींच्या धड्यातच भेटली होती. शेवाळाच्या शेजारी, 'हरितद्रव्य नसलेली, म्हणून परावलंबी' एवढ्या ओळखीवर. तिच्यात काय आहे ते राहिलेच, काय नाही ते मात्र पाठ झाले. झाडाच्या साच्यात घालून पाहिले की भूछत्र कायम अपुरेच दिसणार. मूळ नाही, पान नाही, फूल नाही, बी नाही. हा साचा शाळेतून आणि कायद्यातूनही काढून टाकायला हवा, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठीचा सर्वांत भक्कम पुरावा त्या चिरलेल्या फाकेतच आहे. भूछत्राचे शरीर असे का घडले आणि किती वेळा घडले, हे एकदा समजले की त्याला वनस्पतींच्या रांगेत शेवटी उभे करणे कोणालाच पटणार नाही.

साचा कुठून आला ते थोडक्यात सांगतो. स्वीडनच्या लिनियसने 1753 मध्ये वनस्पतींची मांडणी केली तेव्हा बुरशी 'क्रिप्टोगॅमिया'त गेली, म्हणजे ज्यांचे प्रजनन दिसत नाही अशा वनस्पतींच्या गटात. पुढे स्वीडनच्याच एलियास फ्रीसने 1821 पासून भूछत्रांचे वर्गीकरण प्रसिद्ध करायला सुरुवात केली. टोपीखाली पापुद्रे असतील तर एक खण, छिद्रे असतील तर दुसरा, काटे असतील तर तिसरा. उघड्या डोळ्यांना जमणारी ही पद्धत होती आणि तिने पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासकांना हात दिला. 1969 मध्ये रॉबर्ट व्हिटेकर यांनी पंचसृष्टी, म्हणजे सजीवांची पाच सृष्टींत विभागणी मांडली आणि बुरशीला स्वतंत्र सृष्टी मिळाली. नंतर डीएनएच्या अभ्यासाने त्याहून मोठी गोष्ट दाखवली. बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची आहे. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, कीटकांच्या कवचात असते तेच. आणि साखर ती स्टार्चच्या नव्हे, ग्लायकोजेनच्या रूपात साठवते, आपल्या यकृतासारखी. 1969 ला अर्धशतक उलटून गेले. तरी मुले अजून मूळ शोधतात.

मूळ शोधायचेच तर ते वेगळ्या जागी शोधावे लागेल. बुरशीचे खरे शरीर म्हणजे मातीत किंवा लाकडात पसरलेले कवकजाल, केसाहून कितीतरी बारीक तंतूंचे. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात आर्मिलारिया बुरशीचे एकच जाळे सुमारे 965 हेक्टर जंगलाखाली पसरलेले सापडले आहे. भूछत्र हे अशा जाळ्याचे केवळ फळ, जीवशास्त्राच्या भाषेत फलकाय. विशेष म्हणजे ते त्याच तंतूंचे विणलेले असते. दांडा, टोपी, पापुद्रे, पडदा यांच्यासाठी वेगळे सामान नाही. तेच तंतू कुठे घट्ट, कुठे सैल, कुठे फुगीर, कुठे एकमेकांना चिकटलेले. आपण एखादी गोष्ट 'कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली' म्हणतो तेव्हा ती अचानक आली आणि तिच्यामागे काही तयारी नव्हती असे सुचवतो. खऱ्या छत्रीची तयारी मात्र आधीच झालेली असते. जमिनीखाली टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठीत सगळे भाग आखून ठेवलेले असतात. पाऊस पडला की त्या पेशी पाणी शोषून ताणल्या जातात आणि रात्रीत छत्री वर येते. एका रात्रीत होते ते फक्त उलगडणे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. इतका खटाटोप कशासाठी?

उत्तर एका अतिसूक्ष्म गोफणीत आहे. पापुद्र्याच्या पृष्ठभागावर गदेच्या आकाराच्या पेशी असतात आणि प्रत्येकीच्या टोकावर साधारण चार बीजाणू बसलेले असतात, प्रत्येक बीजाणू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा किंवा त्याहून लहान. बीजाणू पिकला की त्याच्या बुडाशी, देठाच्या सांध्यापाशी, हवेतल्या बाष्पाचा एक थेंब जमू लागतो. तिथे पाझरलेली साखर ते बाष्प ओढून घेते. त्याच वेळी बीजाणूच्या अंगावरही पाण्याचा पातळ थर धरतो. थेंब फुगत जातो, त्या थराला टेकतो, आणि टेकताक्षणी पृष्ठताणामुळे एकदम बीजाणूच्या अंगावर ओढला जातो. वजनाचा तोल झटक्यात सरकतो आणि बीजाणू देठावरून उडतो. सुटतानाचा त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट असतो, पण एवढ्या हलक्या कणाला हवा लगेच अडवते. तो मिलिमीटरचा काही अंशच पुढे जातो, थांबतो आणि सरळ खाली पडू लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेजिनाल्ड बुलर यांनी या थेंबाचा बारकाईने अभ्यास केला. तो आजही 'बुलरचा थेंब' म्हणून ओळखला जातो.

माझ्या मते भूछत्राच्या शरीररचनेतले जवळपास सगळे काही या मिलिमीटरभराहूनही छोट्या फेकीतून समजते. फेक आडवी आणि छोटी, म्हणून समोर भिंत हवी पण फार जवळ नको. दोन पापुद्र्यांमधले अंतर असे असते की बीजाणू मधल्या मोकळ्या जागेत येऊन थांबावा आणि समोरच्या पापुद्र्याला न चिकटता खाली सुटावा. सुटल्यावर तो सरळ खाली पडणार, म्हणून पापुद्रे ओळंब्यात हवेत. दांडा वाकून टोपी आडवी धरतो आणि उरलेली बारीक दुरुस्ती पापुद्रे स्वतः करतात. थेंब जमायला ओलावा हवा, पण पावसाचा थेंब पडला तर सगळी गोफण बिघडते. म्हणून वर छप्पर. जमिनीलगतची हवा जवळपास स्थिर असते, म्हणून दांडा. आणि तेवढ्याच टोपीत जास्तीत जास्त गोफणी बसाव्यात म्हणून पापुद्रे. सपाट बुडाच्या तुलनेत ते पृष्ठभाग 20 पटींपर्यंत वाढवू शकतात. टोपीतून पाण्याची वाफ होते तेव्हा आजूबाजूची हवा गार होऊन वाहू लागते, आणि वारा नसतानाही बीजाणूंना बाहेर नेते, असेही प्रयोगांतून दिसले आहे.

मुलीच्या 'बी कुठंय'ला उत्तर द्यायचे होते. दुसरे एक पूर्ण उमललेले मशरूम घेतले, दांडा काढला, टोपी पापुद्रे खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवली आणि वर एक वाडगा पालथा घातला. दुसऱ्या दिवशी टोपी उचलली तर कागदावर गडद तपकिरी रेषांचे चक्र उमटले होते, मध्यापासून कडेकडे जाणारे, रांगोळीच्या बोटाने ओढल्यासारखे. मुलीने भिंग लावले आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "रेषा पापुद्र्यांच्या नाहीत, मधल्या फटींच्या आहेत." धड्यातल्या दीड परिच्छेदात हे कधीच आले नसते.

ही गोफण छत्रीहून जुनी आहे. तांबेरा रोगाच्या बुरशीत ती आहे, काही एकपेशीय किण्वांतही आहे, आणि त्यांना ना टोपी ना दांडा. म्हणजे फेकण्याची युक्ती आधी आली आणि तिच्याभोवती घर नंतर बांधले गेले. भूछत्रांच्या वंशातल्या सुरुवातीच्या पिढ्या बहुधा लाकडाच्या खालच्या बाजूला चिकटलेल्या साध्या पातळ थरासारख्या होत्या. पडलेले ओंडके उलटले तर असे पांढुरके थर आजही दिसतात. लाकूड हेच त्यांचे छप्पर. स्वतःचे छप्पर उभारणाऱ्या जाती नंतरच्या. 2019 मध्ये 5,284 जातींचा एक मोठा वंशवृक्ष प्रसिद्ध झाला. त्यानुसार भूछत्रांच्या या वर्गाचा मोठा विस्तार ज्युरासिक काळात, शंकुधारी वृक्षांची जंगले पसरत असताना सुरू झाला आणि टोपी, दांडा, पापुद्रे असा ठेवणीतला आकार त्यानंतर क्रिटेशस आणि पॅलिओजीन काळांत वेगवेगळ्या शाखांमध्ये स्वतंत्रपणे आला. ज्या शाखांनी तो स्वीकारला त्यांच्यात नव्या जाती अधिक वेगाने निपजल्या.

मऊ, पाणीदार आणि चार दिवसांत सडणाऱ्या देहाचे जीवाश्म फार दुर्मीळ, पण जे आहेत ते बोलके आहेत. ब्राझीलच्या क्रातो चुनखडीत सापडलेले गोंडवानागॅरिसायटीस सुमारे 11.5 कोटी वर्षांपूर्वीचे आहे. उंची जेमतेम 5 सेंटिमीटर, आणि टोपीखालचे पापुद्रे दगडात स्पष्ट. न्यू जर्सीतल्या राळेत अडकलेले आर्किओमरास्मियस सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वीचे. टोपी काही मिलिमीटरांचीच, पण आजच्या कुजक्या पानांवर उगवणाऱ्या बारक्या छत्र्यांत ठेवले तर पटकन वेगळे काढता येणार नाही. डायनासोरांच्या पायाखाली आलेली छत्री आणि आपल्या पायाखाली येणारी छत्री यांत एवढे साम्य.

साम्य म्हटले की नाते आठवते, आणि इथेच फसगत होते. 1997 मध्ये डेव्हिड हिबेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय तुलना करून दाखवले की पापुद्रे असलेली भूछत्रे निरनिराळ्या पूर्वजांपासून किमान सहा वेळा निर्माण झाली आहेत, आणि पिकल्यावर धुरळा सोडणारे बंद चेंडूसारखे प्रकार किमान चार वेळा. फ्रीसच्या एकाच खणात बसलेले शेजारी प्रत्यक्षात दूरच्या घराण्यांतले निघाले आणि सख्खी भावंडे वेगवेगळ्या खणांत सापडली. पापुद्रे हे आडनाव नव्हते. एकाच अडचणीतून अनेक घराण्यांनी काढलेली ती एकच वाट होती. पक्ष्याचा आणि वटवाघळाचा पंख जसा, तसेच.

गोफणीऐवजी दुसरे हत्यार असले की शरीर कसे बदलते, हे मोरेल म्हणजे गुच्छीत दिसते. ती बुरशीच्या वेगळ्याच मोठ्या शाखेतली. तिचे बीजाणू नळीसारख्या पिशव्यांत रांगेने बसतात आणि दाब वाढला की पिचकारीतून उडावे तसे बाहेर फेकले जातात, कितीतरी लांब. पिचकारी वर आणि बाहेर मारता येते, म्हणून गुच्छीचे बीजाणू टोपीखाली लपलेले नसतात. ते वरच्या खळग्यांत उघड्यावर असतात. दांडा तिलाही आहे, कारण उंचीचा फायदा तिलाही हवा आहे. पण आतल्या हत्याराने बाहेरचा आकार उलटा केला. मला तर शरीररचना शिकवण्यासाठी याहून सुंदर जोडी सुचत नाही.

हा प्रवास एका दिशेने वर चढत गेला असेही कोणी समजू नये. घर बांधता येते तसे मोडताही येते. लेंटिनस टायग्रिनस ही लाकडावरची जात एरवी उघड्या पापुद्र्यांची असते, पण तिचे काही नमुने कधी उघडतच नाहीत. पापुद्रे शेवटपर्यंत पडद्याआड राहतात. तपासल्यावर कळले की हा फरक एकाच जनुकस्थानाचा आहे. एवढ्याशा बदलाने छत्री बंद पेटी होते. पेटी बंद झाली की गोफणीला अर्थ उरत नाही आणि पुढच्या पिढ्यांत ती नाहीशी होते. मग बीजाणू पसरवायला दुसरे कोणीतरी लागते. जमिनीखाली राहणारी रायझोपोगॉन ही ओबडधोबड गाठ दिसते, पण डीएनएनुसार ती स्युलस या टोपीदार, छिद्रवाल्या भूछत्राची जवळची नातेवाईक आहे. तिने छत्री सोडली आणि वास धरला. प्राणी तिला उकरून खातात आणि बीजाणू दूर नेतात. काळी शाई गाळत स्वतःलाच विरघळवणारी कोप्रिनस भूछत्रे एकाच घराण्यातली मानली जात. 2001 मध्ये हे प्रजातीनाव चार भागांत विभागावे लागले, कारण विरघळण्याची ही रीत एकाहून अधिक घराण्यांनी स्वतंत्रपणे अवलंबली होती.

हे सगळे अभ्यासकांपुरते आहे, मुलांना आणि सामान्य माणसाला त्याचे काय, असे विचारणारे भेटतात. पहिले उत्तर जीव वाचण्याचे आहे. आकारावरून नाते ठरत नाही, हे ज्याला शाळेतच कळले तो रानातली छत्री 'त्या खाण्याच्या छत्रीसारखीच दिसते' म्हणून तोंडात घालणार नाही. अमानिता फॅलॉइडीस या जीवघेण्या भूछत्रामधले अमाटॉक्सिन हे विष गॅलेरिना आणि लेपिओटा या वेगळ्या कुळांतल्या काही छोट्या भूछत्रांतही असते. ते शिजवून जात नाही. त्रास सुरू व्हायलाच सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त लागतात, आणि तोवर यकृताला इजा होऊ लागलेली असते. चांदीचा चमचा काळा पडतो का, किडे खातात का, असल्या कसोट्यांना कसलाही आधार नाही. आकार दगा देतो आणि विषही घराणे पाहून येत नाही, हे समजलेल्या माणसाला अशा कसोट्यांची निराळी भीती घालावी लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. अभ्यासक्रम आधीच भरलेला, शिक्षकांवर आधीच ओझे, त्यात आणखी एक सृष्टी कुठे बसवायची? मला ही अडचण खरी वाटते. म्हणूनच जादा धडा मागत नाही. जे दीड परिच्छेद आहेत ते वनस्पतींच्या प्रकरणातून उचलून उत्क्रांतीच्या प्रकरणात ठेवावेत, एवढेच म्हणतो. तिथे पंख आणि डोळे यांची उदाहरणे घासून गुळगुळीत झाली आहेत. भूछत्र हातात घेता येते, चिरता येते, कागदावर ठेवून रात्रभरात उत्तर मिळवता येते. प्रयोगशाळा लागत नाही. आणि नैसर्गिक निवड म्हणजे ठरवून केलेली प्रगती नव्हे, ती एखाद्या बारीकशा भौतिक अडचणीभोवती फिरते, हे मुलांना एरवी तासभर बोलून जे कळत नाही, ते बीजाणूंच्या त्या चक्राने दहा मिनिटांत कळते.

शाळेत साचा राहिला की तो कायद्यातही येतो, आणि तिथे त्याची किंमत मोठी आहे. संकटग्रस्त जातींच्या व्यापारावरचा 1973 चा आंतरराष्ट्रीय करार नावातच प्राणी आणि वनस्पती अशा दोनच शब्दांवर थांबतो. निसर्गसंवर्धनाच्या बहुतेक चौकटी याच दोन शब्दांनी बांधलेल्या आहेत. ज्याला शब्द नाही त्याच्यासाठी निधी नसतो, पाहणी नसते आणि नोंदही नसते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत मार्च 2025 मध्ये तपासलेल्या जातींची एकूण संख्या 1,69,000 च्या वर होती. त्यांत बुरशी 1,300, आणि त्यांपैकी किमान 411 जातींचे अस्तित्व धोक्यात. विज्ञानाला नावानिशी माहीत असलेल्या बुरशींच्या जाती सुमारे दीड लाख आहेत आणि अंदाज वीस लाखांच्या पुढचे. बहुसंख्य झाडांची मुळे बुरशीच्या तंतूंशी बांधलेली आहेत. त्या झाडांना कायद्याचे छत्र मिळते, पण त्यांना पाणी आणि फॉस्फरस पोचवणाऱ्या जोडीदाराचे नाव कागदावर नसते.

बदल अशक्य नाही. चिलीने गेल्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या पर्यावरणविषयक कायद्यात बुरशींना नावानिशी जागा दिली. फ्लोरा (वनस्पती), फॉना (प्राणी) यांच्या जोडीला 'फंगा' हा शब्द 2018 मध्ये शास्त्रीय वाङ्मयात रीतसर सुचवला गेला आणि 2021 मध्ये आययूसीएनने तो वापरण्याचे आवाहन केले. एका शब्दाने जंगल वाचत नाही, हे मला मान्य आहे. पण प्रकल्पाआधीच्या पर्यावरण अहवालात 'वनस्पती' आणि 'प्राणी' या दोन रकान्यांखाली तिसरा रकाना छापलेला असेल तर तो रिकामा का ठेवला, याचे उत्तर कोणालातरी द्यावे लागते. आज रकानाच नाही, त्यामुळे प्रश्नही नाही.

यावर अधिकारी जे म्हणतात ते मी अनेकदा ऐकले आहे: बुरशी दिसतच नाही, मोजणार कशी? हा आक्षेप म्हणजे फळालाच झाड समजण्याचा तोच जुना घोळ. छत्री दिसली नाही म्हणून जाळे नाही असे होत नाही. आज चिमूटभर मातीतल्या डीएनएवरून तिथल्या बुरशींची यादी करता येते, छत्री वर आली नसली तरी. आणि छत्री पाहायचीच असेल तर ती ठरावीक ऋतूत, पावसानंतर, काही दिवसच वर असते. पाहणीची तारीख ठरवताना ते दिवस धरावेत, पाहणाऱ्यांत बुरशीचा एक जाणकार असावा, आणि जिथे कोरड्या महिन्यांतच जायची वेळ येईल तिथे मातीचे नमुने घेतल्याशिवाय 'विशेष काही आढळले नाही' हे वाक्य अहवालात लिहू देऊ नये.